स्फोट नव्हे, जन्मांची घाई

या महिन्याचे सदर एका कबुलीने सुरू करावे लागत आहे. काही महिन्यांपूर्वी याच पानावर आम्ही दीर्घिकांचे प्रकार सांगितले होते. तेव्हा ‘स्टारबर्स्ट गॅलक्सी’ या नावाचा अर्थ ‘जिथे ताऱ्यांचे स्फोट होतात अशी दीर्घिका’ असा लिहून आम्ही पुढे गेलो. एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्या विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी लिहिले होते, “तारे तर प्रत्येक दीर्घिकेत कधी ना कधी फुटतात. मग या दीर्घिकांना वेगळे नाव कशाला? तुम्ही परिणामालाच कारण समजून बसलात.”

पत्र वाचल्यावर आम्ही पुस्तके पुन्हा उघडली. त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे निघाले. ‘बर्स्ट’ हा शब्द इथे फुटण्यासाठी नाही, एकाएकी उसळून येण्यासाठी आहे. पावसाची सर यावी, तशी ताऱ्यांच्या जन्माची सर. ज्या दीर्घिकेत नेहमीपेक्षा कितीतरी पट वेगाने नवे तारे जन्माला येतात, ती स्टारबर्स्ट दीर्घिका. स्फोट होतात, पण नंतर, त्या जन्मांच्या मागोमाग.

नुसती चूक सुधारून थांबावे, असे आम्हांला वाटेना. अशा दीर्घिकांमधली सर्वांत प्रसिद्ध आणि आपल्या बऱ्यापैकी जवळची एक आहे, तिची ओळख करून द्यावी म्हणतो. तिचे नाव एम ८२. लांबट आकारामुळे तिला सिगार दीर्घिका असेही म्हणतात. आमच्यासारखीच चूक तिच्या बाबतीत मोठमोठ्यांनीही केली होती. तो किस्सा पुढे येईलच.

कुठे आहे?

आधी पत्ता. मार्च-एप्रिलमध्ये इशाची नमाज झाल्यावर नऊ-दहाच्या सुमारास गच्चीवर जा आणि उत्तरेकडे तोंड करा. सप्तर्षी चांगले वर आलेले दिसतील. पतंग आणि त्याची शेपटी असा तो आकार आपण सगळेच ओळखतो. त्या पतंगाच्या चौकोनात कर्णाच्या टोकांना दोन तारे आहेत, पुलस्त्य आणि क्रतू. पुलस्त्याकडून क्रतूकडे मनातल्या मनात रेषा ओढा आणि ती तेवढीच आणखी पुढे न्या. जिथे ती संपते, त्याच्या आसपास एम ८२ आहे. शेजारीच तिची मोठी बहीण एम ८१ आहे. आकाशात या दोघींमधले अंतर पुनवेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडेसेच जास्त भरते.

याच ताऱ्यांची जगभर चालणारी नावे आपल्या कानाला परकी वाटणार नाहीत. क्रतूला खगोलशास्त्रज्ञ ‘दुभे’ म्हणतात. ते अरबी ‘दुब्ब’ म्हणजे अस्वल या शब्दावरून आले, कारण या भागात मोठ्या अस्वलाचे चित्र कल्पिलेले आहे. पुलस्त्याचे नाव ‘फेक्दा’. ते ‘फख़िज़’ म्हणजे मांडी यावरून. शेपटीच्या टोकाचा मरीची म्हणजे ‘अल्कैद’, अरबीतला ‘अल-क़ाइद’, पुढे चालणारा. त्याहून जुन्या अरबी कल्पनेत इथे अस्वल नव्हतेच. चौकोन म्हणजे जनाजा आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे त्याच्याबरोबर निघालेल्या मुली, असे ते चित्र होते. म्हणून तर या तारकांना ‘बनात नअ्श’ म्हणत.

दीर्घिका मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. ३१ डिसेंबर १७७४ रोजी बर्लिनमध्ये योहान बोडे या खगोलशास्त्रज्ञाला एम ८१ आणि एम ८२ या दोन्ही एकाच रात्री दुर्बिणीत सापडल्या. पाच वर्षांनी फ्रान्समध्ये पिअर मेशँ यांनी त्या स्वतंत्रपणे शोधल्या आणि १७८१ मध्ये शार्ल मेसिए यांनी आपल्या यादीत त्यांना ८१ आणि ८२ हे क्रमांक दिले. मेसिए धूमकेतू शोधत असत. धूमकेतूसारख्या दिसणाऱ्या, पण धूमकेतू नसलेल्या अंधूक ठिपक्यांनी फसगत होऊ नये, म्हणून त्यांनी ती यादी केली होती. म्हणजे ‘इकडे वेळ घालवू नका’ अशा यादीतली ही दीर्घिका आज शेकडो अभ्यासकांच्या कामाचा विषय झाली आहे.

तिचे अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे आहे. आज तिच्याकडून आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. तरीही खगोलशास्त्राच्या हिशेबात ही शेजारीणच.

भरती आली आणि भट्टी पेटली

आपल्या आकाशगंगेच्या मानाने एम ८२ लहान आहे. आकाशगंगेची रुंदी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे, तर हिची ४० हजारांच्या आसपास. पण हिच्यात तारे जन्मण्याचा वेग आकाशगंगेच्या जवळपास दहापट आहे. त्यातला बहुतेक कारभार अगदी मध्यभागी, काही हजार प्रकाशवर्षांच्या जागेत चालतो. घर लहान, आणि त्यातही सगळा स्वयंपाक एकाच कोपऱ्यात, असे समजा.

ही भट्टी पेटली कशी? उत्तर तिच्या बहिणीकडे आहे. एम ८१ वजनाने बरीच मोठी. काही कोटी वर्षांपूर्वी या दोघी एकमेकींच्या फार जवळून गेल्या. कोकणातल्या वाचकांना भरती-ओहोटी सांगायला नको. चंद्राच्या ओढीने समुद्र उचलला जातो. इथे ओढणारी एक संपूर्ण दीर्घिका होती. त्या ओढीने एम ८२ मधला वायू ढवळला गेला, त्यातला काही बाहेर खेचला गेला आणि बराचसा आत मध्याकडे घसरला. साध्या दुर्बिणीत दोन्ही दीर्घिका वेगळ्या दिसतात. पण रेडिओ दुर्बिणींनी हायड्रोजन वायूचा नकाशा केला, तेव्हा दोघींमध्ये आणि त्यांच्या एका तिसऱ्या, लहान शेजारणीमध्येही वायूचे लांब पट्टे पसरलेले आढळले. भेट झाल्याचा तो पुरावा अजून तसाच आहे.

तारा बनायला थंड, दाट वायू लागतो. तो पुरेसा दाबला गेला की स्वतःच्याच वजनाने आकसत जातो, तापतो आणि पेटतो. मध्यभागी एवढा वायू एकदम येऊन पडल्यावर तारे एकेकटे न जन्मता मोठ्या थव्यांनी जन्मले. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत या गाभ्यात असे सुमारे दोनशे भरगच्च तारकागुच्छ मोजले गेले आहेत. सरासरी गुच्छाचे वस्तुमान सूर्याच्या दोन लाख पट भरते. अशा गुच्छाच्या जवळपास एखाद्या ग्रहावर कोणी राहत असते, तर त्याला अंधारी रात्र बहुधा ठाऊकच नसती.

झाकण आणि वाफ

आता त्या जुन्या चुकीचा किस्सा.

१९६३ मध्ये अमेरिकेतले रॉजर लिंड्स आणि अ‍ॅलन सँडेज यांनी एम ८२ ची खास छायाचित्रे अभ्यासली. दीर्घिका आपल्याला कडेने दिसते, ताटाकडे बाजूने पाहावे तशी. त्या ताटाच्या मधून वर आणि खाली, दोन्ही बाजूंना, तापलेल्या हायड्रोजनचे लालसर धागे हजारो प्रकाशवर्षे बाहेर गेलेले दिसले. धाग्यांतला वायू वेगाने दूर पळत होता. त्यांनी अर्थ लावला, तो असा की या दीर्घिकेच्या मध्यभागी एखादा प्रचंड स्फोट झालेला असावा. निष्कर्ष स्वाभाविक होता आणि पुष्कळ वर्षे पुस्तकांत ‘फुटणारी दीर्घिका’ म्हणून एम ८२ चे नाव येत राहिले.

अडचण धुळीची होती. या दीर्घिकेच्या मध्यात एवढी धूळ आहे की साध्या प्रकाशात गाभा दिसतच नाही. धूळ ताऱ्यांचा प्रकाश गिळते, तापते आणि ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. चुलीवरच्या तव्याच्या आड ज्वाळा दिसत नाही, पण तव्याची आच हाताला लागते, तसेच हे. अवरक्त किरण टिपणारी उपकरणे १९७० नंतर सुधारत गेली, तेव्हा ही आच मोजता आली आणि आतले चित्र उलगडले. तिथे एक मोठा स्फोट नव्हता. तिथे नव्या, तरण्या ताऱ्यांची अफाट गर्दी होती.

मग ते धागे कशाचे? याचे उत्तर थोरल्या ताऱ्यांच्या आयुष्यात आहे. आपला सूर्य बेताने जळतो, म्हणून त्याचे आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचे. सूर्याच्या वीस-पंचवीस पट वजनाचा तारा मात्र आपले इंधन हजारो पट उधळेपणाने जाळतो आणि एका कोटी वर्षांच्या आतच संपतो. तो जिवंत असताना त्याच्या पृष्ठभागावरून जोराचा वारा वाहत असतो. संपताना तो फुटतो, त्याला आपण अतिनवतारा म्हणतो. एम ८२ च्या गाभ्यात असे तारे हजारोंनी आहेत. त्यांचे वारे आणि एकामागून एक होणारे स्फोट मिळून सभोवतालचा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवतात. तापलेला वायू फुगतो आणि वाट शोधतो.

ही वाट वर आणि खालीच का? आपल्या घरात बिर्याणीला दम देताना देगीच्या झाकणाला कणीक लावतात. आत वाफ कोंडली की ती देगीचे जाड पितळ फोडत नाही. कणीक जिथे पातळ बसली असेल तिथूनच फुसकन बाहेर येते. दीर्घिकेचे ताट बाजूंना दूरवर पसरलेले आणि दाट, पण वर-खाली पातळ. वायू सोपी वाट धरतो आणि दोन्हीकडून कारंज्यासारखा निघतो. याला ‘महावारा’ म्हणता येईल. लाल धाग्यांचा वेग सेकंदाला सुमारे ६०० किलोमीटर आहे. मुंबईहून नागपूरला सरळ रेषेत जायला त्याला दीड सेकंदही लागणार नाही. धाग्यांच्या आतला अतितप्त वायू त्याहूनही वेगवान आहे. तो साध्या प्रकाशात दिसत नाही, क्ष-किरणांत दिसतो.

तेव्हा १९६३ च्या त्या दोघांना जे दिसले ते खरेच होते. वायू बाहेर फेकला जात होता. चुकला तो कारणाचा तर्क. आमच्या शिक्षिका भगिनींचे वाक्य इथेही जसेच्या तसे बसते.

आणखी एक मत असेच बदलावे लागले. ही दीर्घिका वेडीवाकडी, आकार नसलेली म्हणून गणली जात असे. २००५ मध्ये अवरक्त छायाचित्रांतून धुळीच्या आडचे पाहिले, तेव्हा तिलाही दोन सर्पिल बाहू असल्याचे आढळले.

दहा मिनिटांचा पाठ

एम ८२ ची अलीकडची सर्वांत गाजलेली घटना एका वर्गात घडली. २१ जानेवारी २०१४ ची संध्याकाळ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची मिल हिल येथे वेधशाळा आहे. तिथे स्टीव्ह फॉसी हे शिक्षक चार विद्यार्थ्यांना दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा कसा वापरायचा ते दाखवणार होते. ढग येऊ लागले होते. ठरवलेला पाठ होणे शक्य नव्हते, म्हणून हाताशी असलेल्या थोड्या वेळात काहीतरी देखणे दाखवावे, असा विचार करून फॉसी यांनी दुर्बीण एम ८२ कडे वळवली. पडद्यावर चित्र उमटले आणि त्यांना एक तारा दिसला, जो जुन्या छायाचित्रांत नव्हता. ढग दाटायच्या आत दुसऱ्या दुर्बिणीतूनही पटापट खात्री करून घेण्यात आली. तो अतिनवताराच होता. त्याला एसएन २०१४जे असे नाव मिळाले.

जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. लडाखमध्ये हानले येथे आपली हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, तिनेही त्याचे वेध घेतले.

आता गंमत पाहा. हा स्फोट ताऱ्यांच्या त्या घाईशी संबंधित नव्हता. तो फुटला तो श्वेतबटू, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचे मागे उरलेले जुने, विझलेले गाठोडे. श्वेतबटू सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जड असू शकत नाही. ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी शोधली. १९३० मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडला शिकायला जाताना बोटीवर त्यांनी या गणिताला हात घातला होता. असा श्वेतबटू जोडीदार ताऱ्याशी संबंध आल्याने कधी कधी पेट घेतो आणि पूर्णपणे उधळून जातो. असे स्फोट शांत दीर्घिकांतही होतात. म्हणजे ‘तारे तर सगळीकडेच फुटतात’ हे पत्रातले म्हणणे एम ८२ ने स्वतःच सिद्ध करून दाखवले.

या स्फोटातून एक मोलाची गोष्ट कळली. अशा स्फोटात किरणोत्सारी निकेल तयार होते, त्याचे कोबाल्ट होते आणि कोबाल्टचे शेवटी लोखंड होते, असे सिद्धांत सांगत होता. युरोपच्या इंटिग्रल या उपग्रहाने एसएन २०१४जे मधून आलेले कोबाल्टचे नेमके गॅमा किरण टिपले. या प्रकारच्या स्फोटातून ते पहिल्यांदाच मिळाले होते. हिशेब केला तेव्हा सूर्याच्या निम्म्याहून अधिक वजनाचे निकेल त्या एका स्फोटात तयार झाल्याचे दिसले. त्याचे पुढे लोखंडच होणार. आपल्या घरातला तवा, विळी आणि अंगातले रक्त यांतले लोखंडही असेच आले आहे, एम ८२ मधून नव्हे, पण आकाशगंगेत सूर्याच्या आधी होऊन गेलेल्या ताऱ्यांमधून.

जळण किती दिवस पुरणार?

आमच्या घरात हा मजकूर लिहिताना वाचून दाखवला, तेव्हा अम्मींनी एकच प्रश्न विचारला. “एवढ्या जोराने पेटवलंय, तर जळण किती दिवस पुरणार?”

खरे तर हाच प्रश्न या दीर्घिकेच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे. ताऱ्यांचे जळण म्हणजे तो थंड वायू. तो दोन्हीकडून खर्च होतो आहे. काही वायूचे तारे बनतात आणि काही महावारा बाहेर फेकतो. म्हणजे ही भट्टी आपल्याच धगीने आपले सरपण उडवते आहे. गाभ्यातल्या ताऱ्यांच्या वयांवरून असे दिसते की ही उसळी सलग नव्हती. आपल्याला दिसते त्या दृश्याच्या सुमारे एक कोटी वर्षे आधी एक मोठी उसळी आली आणि सुमारे ५० लाख वर्षे आधी दुसरी. प्रत्येक उसळी काही दशलक्ष वर्षांतच ओसरली. दीर्घिकांच्या हजारो कोटी वर्षांच्या आयुष्यात हा काळ म्हणजे लग्नघरातली एक रात्र.

शिवाय आपण जे पाहतो ते १ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे आहे. त्या प्रकाशात चमकणारे सूर्याच्या वीसपट आणि त्याहून थोर तारे आज एकही शिल्लक नाहीत. त्यांचे आयुष्यच तेवढे नव्हते.

बाहेर फेकलेले मात्र सगळेच वाया गेलेले नाही. २००६ मध्ये स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने पाहिले, तर एम ८२ च्या भोवती सर्व दिशांना सुमारे २० हजार प्रकाशवर्षांपर्यंत धूर पसरलेला दिसला. हा धूर शब्दशः धुरासारखाच आहे. त्यातले कार्बनचे रेणू जळालेल्या भाकरीच्या काजळीत आणि गाड्यांच्या धुरात सापडतात त्याच जातीचे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत या धुराचे बारीक धागेही सुटे सुटे दिसतात आणि ते थेट गाभ्यातल्या भट्टीपर्यंत मागे नेता येतात. सिगार हे नाव ज्यांनी आकारावरून ठेवले, त्यांना ती धूरही सोडते हे ठाऊक नव्हते.

ताऱ्यांच्या पोटात शिजलेला कार्बन, ऑक्सिजन, लोखंड असा माल या वाऱ्याबरोबर दीर्घिकांमधल्या रिकाम्या जागेत जातो. काही पुन्हा खाली पडतो, काही कायमचा निघून जातो. विश्व तरुण असताना, सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी, पुष्कळ दीर्घिका अशाच जोराने तारे घडवत होत्या. त्या इतक्या दूर आहेत की मोठ्या दुर्बिणींतही ठिपक्यांएवढ्या दिसतात. त्यांच्यात काय चालले होते हे समजून घ्यायचे तर जवळची एखादी पेटती भट्टी हवी. एम ८२ चे महत्त्व यातच आहे.

पाहायची असेल तर

शहराच्या उजेडात ती दिसण्याची आशा ठेवू नका. आपल्याकडून ती उत्तरेला आकाशात मध्यापर्यंतही चढत नाही, त्यामुळे क्षितिजाजवळचा धुरळा आणि दिवे आड येतात. गावाकडे, अमावस्येच्या आसपासच्या रात्री, चार इंची किंवा त्याहून मोठी दुर्बीण असेल तर प्रयत्न करा. एक गोलसर अंधूक ठिपका दिसेल, ती एम ८१. त्याच्याजवळ एक लांबट, बारीक राखाडी रेघ दिसेल, ती एम ८२. लाल धागे, धूर, गुच्छ यांतले काहीही दिसणार नाही. मुले विचारतील, “एवढंच?” त्यांना एवढेच सांगा, की ही रेघ बोडे यांनी पाहिली तेव्हाही एवढीच दिसत होती, आणि तिच्यात काय आहे हे कळायला पुढे दोनशे वर्षे लागली.

आमच्या जुन्या अंकात त्या ओळीवर काट मारून ‘जन्म’ हा शब्द लिहून घ्यावा, अशी ज्यांनी अंक जपून ठेवले आहेत त्यांना विनंती. शिक्षिका भगिनींचे मनापासून आभार. त्यांनी पत्राच्या शेवटी, सप्तर्षींमधल्या वसिष्ठाला चिकटलेल्या छोट्या ताऱ्याला अरबीत काय म्हणतात आणि तो पाहून नजरेची परीक्षा कशी घेत, असेही विचारले आहे. त्या ‘सुहा’ची गोष्ट पुढल्या महिन्यात.